चुकीचं बान माई

आमच्या घरात मोटरसायकल मी चालवते आणि नवरा मागे बसतो. हे पहिल्यांदा ऐकणारा माणूस एकदा माझ्याकडे बघतो, एकदा त्याच्याकडे, म्हणून आधीच सांगून टाकलं. लहानपणी त्याच्या एका डोळ्याला लागलं होतं. त्यामुळे समोरची गाडी किती लांब आहे याचा त्याला नीट अंदाज येत नाही. मी मात्र कॉलेजात असताना चुलतभावाच्या गाडीवर शिकले, आणि मुलुंडहून अंधेरीच्या ऑफिसला इतकी वर्षं दुचाकीवरूनच जाते.

थायलंडच्या उत्तरेला डोंगरातून गाडी चालवायची, हे माझ्या डोक्यात कधी शिरलं ते आठवत नाही. तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात आणि गाडी भाड्याने मिळते, एवढी माहिती मी काढून ठेवली होती. नवऱ्याने विक्रोळीच्या कंपनीतून मुदतीआधी निवृत्ती घेतली तेव्हा मी विषय काढला. मला वाटलं होतं, नको म्हणेल. तो म्हणाला, "गाडी तू चालव. रस्ता माझ्यावर सोड." आणि पुढच्याच आठवड्यात त्याने मोटरसायकलच्या हॅंडलला लावायचा जीपीएस आणला.

मी म्हटलं, "अरे, मोबाईल आहे ना?"

"मोबाईलला डोंगरात रेंज नसते. हा थेट उपग्रहाशी बोलतो."

उपग्रहाशी काय बोलायचा ते मला माहीत नाही. त्यातली बाई आमच्याशी इंग्रजीत बोलायची, दोघांच्या हेल्मेटमध्ये एकदम. थायलंडचा नकाशा त्यात नव्हता, तो लॅपटॉपवरून भरायचा होता. नवरा बरेच दिवस त्याच्याशी झटापट करत होता. नकाशा उतरायचा, मग जागा कमी पडतेय म्हणायचा, मग अख्खा भारतच पुसला जायचा. शेवटी दोन्ही देश एकदाचे आत बसले.

सराव म्हणून एका रविवारी आम्ही बोरीवलीला नणंदेकडे निघालो. मुलुंड ते बोरीवली. मध्ये नॅशनल पार्कचे डोंगर, त्यामुळे एकतर घोडबंदरवरून जायचं नाहीतर पवईवरून, हे मला झोपेतही सांगता येईल. आतल्या बाईने आम्हाला मुलुंड कॉलनीच्या टोकाला डोंगराच्या पायथ्याशी नेलं आणि सरळ जा म्हणाली. समोर कुंपणाची भिंत होती आणि मागे जंगल.

"सरळ जा म्हणतेय," नवरा मागून म्हणाला.

"भिंत आहे रे. पलीकडे बिबटे आहेत."

"नकाशात पायवाट दाखवतोय."

तिथे बाकड्यावर बसलेले एक आजोबा शांतपणे म्हणाले, "गेट नाही इथे. कालपण एक जण आला होता." मी गाडी वळवली. घरी येऊन नवऱ्याने शोधलं तर 'कच्चे रस्ते चालतील' असा एक पर्याय आत सुरू राहिला होता. तो त्याने बंद केला, माझ्यासमोर, दोनदा तपासून. मला वाटलं, चला, जी काय चूक व्हायची ती मुलुंडमध्येच होऊन गेली.

थायलंडमध्ये चियांग माई शहरात आम्ही तीनशे सीसीची गाडी भाड्याने घेतली. पहिले दोन दिवस इतके छान गेले की मी जीपीएसबद्दल काही बोलायचंच सोडून दिलं. एकामागून एक वळणं, पण रस्ता गुळगुळीत. वळण आलं की बाई आधी सांगायची, नवरा तिच्यानंतर सांगायचा, आणि मी दोघांच्या आधीच वळलेली असायचे. तिसऱ्या दिवशी आम्हाला बान माई नावाच्या गावी एका होमस्टेमध्ये उतरायचं होतं. सकाळी नवऱ्याने नाव टाईप केलं. पडद्यावर त्याच नावाच्या बऱ्याच ओळी आल्या. मी हातमोजे घालत होते. ओझरतं दिसलं मला.

"एवढी कसली रे?"

"एकाच गावाचे असतील. पुढची आळी, मागची आळी. जवळचं घेतो."

बान माई म्हणजे थाई भाषेत नवं गाव, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. आपल्याकडे गावोगावी नवघर असतं, नवापाडा असतो, तशी तिकडे बान माई आहेत. जिथे चार कुटुंबं जुन्या गावातून उठून नव्या जागी बसली तिथे एक बान माई.

दुपारनंतर हमरस्ता सुटला. मी विचारलं तेव्हा नवऱ्याने सांगितलं, पर्याय बंद आहे, हा पक्काच रस्ता आहे. रस्ता खरंच पक्का होता, फक्त अरुंद. मक्याची शेतं लागली, मग एक ओढा, त्यावर लाकडी फळ्यांचा पूल. मोबाईलवर रेंज नव्हती. ऊन उतरू लागलं होतं तेव्हा बाई म्हणाली, तुम्ही पोचलात, ठिकाण डाव्या हाताला आहे.

डाव्या हाताला खरोखरच घर होतं. खांबांवर उभं, लाकडी, समोर निळ्या ताडपत्रीचा मांडव, लाल प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पन्नासेक माणसं. मी गाडी स्टॅंडवर लावतेय तोवर सत्तरीची एक बाई जिन्यावरून जवळजवळ धावत उतरली. तिने माझं हेल्मेट स्वतःच्या हाताने काढलं, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"होमस्टे म्हणजे असं असतं का?" मी मराठीत नवऱ्याला विचारलं.

"रिव्ह्यूमध्ये लिहिलं होतं. घरच्यासारखं वागवतात म्हणून."

त्याने बुकिंगचा कागद काढून दाखवला. एका माणसाने तो हातात घेतला, आदराने वाचला, किंवा वाचल्यासारखं केलं, आणि घडी करून परत दिला. आम्हाला आत नेऊन चटईवर बसवलं. मधोमध तीन काठ्या एकमेकींना टेकवून उभ्या केल्या होत्या आणि त्यांच्याखाली एक म्हातारा, अगदी बारीक झालेला, हात जोडून बसला होता. काठ्यांना पांढरे दोरे बांधले होते. ते दोरे वरून सगळ्या घरभर फिरवले होते. आम्हाला त्याच्या शेजारी, पुढच्या रांगेत जागा दिली. होमस्टेच्या पाहुण्यांना इतकं पुढे बसवतात? मी नवऱ्याकडे बघितलं. तोही हात जोडून बसला होता.

समोर ओळीने बसलेल्या भिक्षूंचं पठण बराच वेळ चाललं. मग म्हातारीने माझ्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. बांधताना ती हळू आवाजात बोलत होती, मध्येच हसत होती, मध्येच रडत होती. मला एक अक्षर कळत नव्हतं. तरी माझे डोळे भरून आले. का, ते मला आजही सांगता येणार नाही. आई गेल्यापासून माझ्या चेहऱ्याला असा कुणी हात लावला नव्हता, एवढंच तेव्हा मनात आलं. मग म्हाताऱ्याने थरथरत्या बोटांनी नवऱ्याला दोरा बांधला. त्याला गाठ मारता येईना, तर नवरा आपला हात पुढे करून मुकाट बसून राहिला.

जेवण आलं. चिकट भात, भाजलेला मासा, कसलीशी पालेभाजी. आम्ही दोघंही कोकणातल्या घरचे, मासा म्हटल्यावर प्रश्नच नव्हता. नवरा माझ्या कानाशी म्हणाला, "सर्व्हिस झकास आहे ना?" माझा घास हातातच राहिला. भिंतीवर एका मुलीचे फोटो होते. शाळेच्या गणवेशात, पदवीच्या झग्यात, मग कुठल्याशा बर्फाच्या देशात जाडजूड कोट घातलेली. होमस्टेवाले पाहुण्यांच्या खोलीत असे फोटो लावतात?

"अरे," मी म्हटलं, "मला वाटतं ही आपली जागा नाही."

"जीपीएसने बरोबर आणलंय."

"म्हणूनच म्हणतेय."

तेवढ्यात गावच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी एक बाई आली. म्हातारीनेच तिला बोलावून घेतलं होतं, आमच्याशी बोलायला. तिने हसून विचारलं, "ती कशी आहे? तिची तब्येत बरी आहे ना?"

"कोण?" मी विचारलं.

"मुलगी. तिनेच पाठवलंय ना तुम्हाला?"

मग हळूहळू उलगडलं. म्हातारा मोठ्या आजारातून उठला होता, आणि त्याचं आयुष्य वाढावं म्हणून आजचा विधी होता. मुलगी परदेशी नोकरीला, तिला सुट्टी मिळाली नव्हती. तिने फोनवर सांगितलं होतं, माझ्याबरोबर काम करणारे दोघं तिकडे फिरायला येतायत, ते माझ्या वतीने येतील, मोटरसायकलवरून. गाव सकाळपासून वाट बघत होतं. आणि ऊन उतरताना मोटरसायकलवरून दोघं आले.

नवऱ्याने पुन्हा बुकिंगचा कागद काढला. शिक्षिकेने तो वाचला आणि कपाळाला हात लावला. ते बान माई डोंगराच्या पलीकडे होतं, या वाटेने जायला अर्धा दिवस.

"त्यांना सांगा," मी म्हटलं. "आत्ताच सांगा. आम्ही तिला ओळखतसुद्धा नाही."

तिने सांगितलं. म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. मला उठून उभं राहावं की बसूनच राहावं ते कळेना. मी मनगटावरचा दोरा सोडायला गेले, म्हटलं, हा त्या मुलीच्या माणसांसाठी होता, त्यांना द्या. म्हातारीने पटकन माझा हात धरला आणि रागावल्यासारखं काहीतरी बोलली.

"तीन दिवस तरी काढायचा नाही म्हणते," शिक्षिका म्हणाली. "आणि तुम्ही जेवण अर्धवट टाकलंय."

मग मागे कुणीतरी हसलं, आणि सगळं घरच हसायला लागलं. म्हाताराही हसला, त्याला खोकला आला, कुणी त्याची पाठ चोळली. आम्ही पुन्हा जेवायला बसलो. पण आता मासा कुणाच्या वाट्याचा खातोय हे ठाऊक होतं, त्यामुळे घास नीट उतरेना. नवरा सारखा दाराकडे बघत होता. खरे पाहुणे येतील आणि आम्ही त्यांच्या जागेवर बसलेले असू, या धास्तीने. ते काही आले नाहीत.

रात्री तिथेच राहा म्हणाले. मला मुलीच्या खोलीत झोपायला दिलं, नवऱ्याला बाहेर पुरुषांबरोबर. सकाळी म्हातारीने केळीच्या पानात भात बांधून दिला. निघताना तिने पुन्हा माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, अगदी काल धरला तसाच. आता तर तिला माहीत होतं मी कोण ते. म्हणजे, मी कोण नाही ते. तरी तसाच धरला. यावरून काय समजायचं, हे गाडी चालवताना मी स्वतःला विचारत राहिले, आणि दोन वळणं चुकले.

दुपारी आम्ही खऱ्या बान माईला पोचलो. होमस्टेचा मालक अंगणात पाइपने पाणी मारत होता. आमचा कागद बघून तो गोंधळला. त्याला मोजकं इंग्रजी येत होतं. "काल आला होता तुम्ही," तो म्हणाला.

"नाही. आम्ही आज आलो."

"काल दोघं आले. मोटरसायकल. जेवले, झोपले. सकाळी गेले." त्याने दोन बोटं दाखवली. "तुम्हीच ना?"

मी नवऱ्याकडे बघितलं, नवरा माझ्याकडे. आमच्या नावाने बुक केलेली खोली कुणीतरी वापरून गेलं होतं. आम्ही विचारलं, कोण होते, कुठले, बाई होती का बरोबर? तो प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत होता, त्यामुळे काहीच कळेना. त्यांनी नाव सांगितलं का? हो. काय नाव? हो.

"तेच असणार," नवरा म्हणाला. "त्यांनीही यादीतलं चुकीचं बान माई निवडलं असणार."

"कशावरून? कुणीही असेल."

"दुसरं कोण मोटरसायकलवरून येणार इथे?"

"आपण आलो की."

मालकाने आम्हाला दुसरी खोली दिली. आम्ही सामानही उघडलं नव्हतं तोवर नवऱ्याने त्या शिक्षिकेला मोबाईलवरून निरोप पाठवला. तिचा नंबर त्याने निघताना घेऊन ठेवला होता. दोन माणसं इथे येऊन गेली, तुमचे पाहुणे तेच का, असं विचारलं. उत्तर थाईत आलं. तिने घाईत लिहिलं असावं. मोबाईलनेच त्याचं भाषांतर केलं: 'मुलगी फोन. दोघे जात नाहीत, पोट दुखते. दोघे आले म्हणून आई सांगते. मुलगी आनंद. बाबा दोन वाटी भात.'

आम्ही ते कितीतरी वेळा वाचलं. नवऱ्याचं म्हणणं, त्या दोघांचं पोट बिघडलं, ते निघालेच नाहीत, म्हणजे इथे आलेले दुसरेच कुणीतरी. माझं म्हणणं, ते इथूनच परत फिरले, पोट दुखलं म्हणून. आणि आईने मुलीला काय सांगितलं? दोघं अनोळखी आले होते, की तुझे दोघं आले होते? मुलीला आनंद कशाचा झाला? नवरा म्हणाला, विचारतो परत. मी म्हटलं, नको. मग पाच मिनिटांनी मीच म्हटलं, विचार.

त्याने विचारलं. उत्तर म्हणून एक फोटो आला. मांडव काढून टाकलेल्या अंगणात म्हातारा खुर्चीवर बसलाय, मांडीवर भाताची वाटी, आणि शेजारी दोन रिकाम्या लाल खुर्च्या. त्या आमच्यासाठी ठेवल्या होत्या, त्या दोघांसाठी, की सहज तिथे राहिल्या होत्या, यावर आम्ही बोलत राहिलो. मग मालकाने जेवायला हाक मारली.