उशाजवळची घंटी

हे मी कुणाजवळ बोलले नाही — नवऱ्याजवळ नाही, माहेरी नाही. तुमच्याजवळ तरी का बोलते आहे? माहीत नाही. सासूची सेवा करावी तर हिच्यासारखी, असं धारूरच्या बायका अजून आपल्या सुनांना सांगतात. ते आता ऐकवत नाही.

माझ्या सासूबाईंची — आत्याबाई म्हणायचे मी त्यांना — फुप्फुसं चुलीच्या धुरानं गेली होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, हे बरं होणार नाही. दम लागला की उठवून बसवा, तोंडावर वारा घाला, पाठीवर हात ठेवा, घाबरू देऊ नका. हाक मारण्याइतका श्वास त्यांच्यात उरला नव्हता, म्हणून ह्यांनी बैलाच्या गळ्यातली घंटी त्यांच्या उशाशी आणून ठेवली.

दिवसातून किती वेळा वाजायची ती! पुढच्या खोलीत आमचा नवाकोरा एसटीडी बूथ, आणि तिथली खुर्ची माझी. जन्मात पहिल्यांदा लोक मला मॅडम म्हणत होते — अन् मध्येच घंटी. धावत जावं, तर नुसतं ‘बस जरा’. म्हातारी एकदाची सुटत का नाही, असं मनात यायचं. हो, यायचं.

त्या दुपारी बूथवर गर्दी होती. आत्याबाई डोळे मिटून टेकल्या होत्या. मी — कसं सांगू? — उशीतला कापूस काढला आणि घंटीत ठासला. माझ्याच बोटांनी. पुढचे दोन तास फार निवांत गेले.

आत गेले तेव्हा त्या ओणव्या होऊन श्वास ओढत होत्या. ओठ निळे, लुगडं घामानं भिजलेलं. हातातली घंटी अजून हलवत होत्या. मी वारा घातला, पाठ चोळली, रडले. श्वास जरा शांत झाल्यावर त्यांनी घंटी उलटी करून आत पाहिलं. मग माझ्याकडे.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, आई आज एवढी का गळाली?

“डोळा लागलता,” त्या थांबत थांबत म्हणाल्या. “घंटी... हाती आली न्हाई. तिला बोलू नगं.”

त्यांनी पाहिल्यावर कापूस मी लगेच काढून टाकला होता. आत्याबाई पुढं चार महिने जगल्या. दम लागायचाच — भिंतीला टेकून, पदर मुठीत आवळून सोसायच्या. घंटी का नाही वाजवली, विचारलं की नुसत्या बघायच्या. ज्या दुपारी त्या गेल्या, तेव्हाही मी बूथवरच होते, कान आत लावून. घंटी वाजली नाही.