डाव्या हातासाठी गळ

लकव्याचा झटका येऊन चार महिने झाले होते. पाय सावरला, बोलणं सावरलं, पण उजवा हात कोपरापासून खाली तसाच लोंबत राहिला. त्याआधी माझी प्रत्येक सुट्टी वर्धा नदीवर जायची. बल्लारपूरच्या कारखान्यातला माझा सोबती आणि मी फेकजाळं घेऊन निघायचो. ते जाळं फेकायला दोन हात लागतात आणि एक कड दातात धरावी लागते. दात माझे शाबूत होते.

एक दिवस सोबती भेटायला आला आणि अवघडून म्हणाला, "भाऊ, तुमचं जाळं मी नेऊ का? पडून पडून खराब होऊन जाईन."

मी म्हटलं, "ने." तो जाळं खांद्यावर टाकून बाहेर पडला आणि मी बायकोला सांगितलं, "मले गळ आणाचा हाय."

"गळ? तुमच्यानं शर्टाचं बटन लागत नाई."

"बटन राहू दे. गळ पाहाजे."

चंद्रपूरच्या बाजारातल्या दुकानात मी उजवा हात खिशात कोंबूनच शिरलो. दुकानदारानं काही विचारायच्या आत मी गळाची सगळ्यात लांब, बारा फुटी काठी उचलली. धडधाकट माणूस घेईल तशी. नदीवर ती एका हातानं उचलताना मनगट वाकलं, काठी आडवी झाली आणि गळ मागच्या झुडपात अडकला. तो सोडवतानाच दोरा तुटला. मी तसाच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी काठी परत नेली. या वेळी हात खिशात घातला नाही. डाव्यानं उजवा उचलून काउंटरवर ठेवला. दुकानदारानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "कालच सांगाचं नं, भाऊ," एवढंच म्हणाला आणि आत गेला. सहा फुटी हलकी काठी आणि दोरा गुंडाळायची लहान चक्री घेऊन आला. चक्रीची मूठ उजवीकडून काढून त्यानं डावीकडे बसवली. "हे दोन्हीकडून चालते. दोरा पातळ घ्या. काठी हलकी अन् दोरा जाड, तं दूर जात नाई. अन् काठी धराले हात नसंन तं पाइपाचा तुकडा काठावर गाडा, त्याच्यात खोचा. मंग डावा हात चक्रीले मोकळा."

राहिली ती गाठ. गळ दोऱ्याला बांधायचा म्हणजे दोन हातांचं काम. मी गळाचं टोक साबणाच्या वडीत रुतवायचो, डाव्या हातानं दोरा गुंडाळायचो आणि दातानं ओढायचो. बायको म्हणाली, "आणा, मी बांधून देतो."

"रोज नदीवर तू येशीन का?"

मग तिनं बांधून द्यायचं नाव सोडलं आणि ती गाठ तपासू लागली. मी बांधायचो, ती ओढायची. "सुटली." पुन्हा बांधायचो. "सुटली." आठवडाभर तो एकच शब्द ऐकला. एका सकाळी तिनं दोनदा ओढलं, मग दोरा बोटाला गुंडाळून जोरात ओढलं. गाठ सुटली नाही. ती बोट चोळत चहा ठेवायला गेली.

माशाच्या तोंडातून एका हातानं गळ काढणं त्याहून कठीण होतं. गळाच्या टोकाजवळ मागं वळलेला जो बारका काटा असतो, तो मी कानशीनं घासून टाकला. त्यामुळे गळ सहज निघतो, पण दोरा जरा ढिला पडला की मासाही निघून जातो. ते मला कबूल होतं.

रविवारी बायको सोबत आलीच. मी पाइप वाळूत ठोकला, सोबत आणलेल्या फळीवर आमिषाला कोंबडीच्या आतड्याचा तुकडा ठेवून त्यात गळ टोचला आणि डाव्या हातानं फेकला. पहिला मासा सुटला. दुसरा काठाशी येऊन सुटला. तिसऱ्या वेळी काठीचं टोक वाकलं तेव्हा मी चक्री फिरवणं थांबवलंच नाही. हात भरून आला, खांदा दुखायला लागला.

"ढिला सोडू नका!" बायको ओरडली.

वीतभर शिंगाडा मासा होता. त्याच्या परांचे काटे हातात घुसतात म्हणून त्याला ओल्या पोत्याखाली पायानं दाबलं आणि गळ एका झटक्यात काढला. मासा पिशवीत गेला. ऊन चढलं होतं.

"झालं नं? चला आता," ती म्हणाली.

"दोन तुकडे उरले हायत."

तिनं माझ्याकडे पाहिलं, पिशवी पाण्याच्या कडेला ठेवली आणि सावलीत जाऊन बसली. मी पुढचा तुकडा फळीवर ठेवला.