भडंगातली किल्ली

सांगलीजवळ कुपवाडच्या शेडमध्ये आयुष्यभर लेथ चालवल्यावर मी एकदाची मोठी गाडी घेतली. पुण्याच्या एका डॉक्टरांनी वापरलेली होती, पण आत बसलं की नवीच वाटायची. किल्ली नुसती खिशात असली की झालं. हँडलला हात लावला की दार उघडायचं आणि बटण दाबलं की इंजिन सुरू. पहिला आठवडाभर मी काही काम नसताना दार उघडत आणि लावत होतो.

माझं हे सुख शेडशेजारच्या फौंड्रीवाल्याला बघवलं नाही. त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. एक चोर घराच्या भिंतीपाशी पेटी धरून उभा, दुसरा गाडीपाशी. घरातल्या किल्लीचा सिग्नल ती पेटी पकडते आणि गाडीपर्यंत पोचवते. गाडीला वाटतं, मालकच आला. काच फुटत नाही, कुत्रं भुंकत नाही, मिनिटभरात जागा मोकळी. "तुमची बी तसलीच हाय न्हवं?" असं विचारून तो निवांत चहा प्यायला. माझा चहा तसाच राहिला.

त्या दिवसापासून मी कामाला लागलो. स्वतःच्या लेथवर स्टिअरिंगला अडकवायचा असा जाड लोखंडी दांडा तयार केला, की तो काढायला मलाच दहा मिनिटं लागायची. गाडीची दुसरी किल्ली बँकेच्या लॉकरमध्ये, बायकोच्या पाटल्यांशेजारी ठेवली. आणि रोजच्या किल्लीसाठी स्वयंपाकघरातून घट्ट झाकणाचा एक स्टीलचा डबा उचलला. किल्ली चांदीच्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवली, झाकण दाबलं, डबा काखेत घेऊन गाडीपाशी गेलो. हँडल ओढलं तर दार ढिम्म. मला इतका आनंद झाला की मी पुन्हा पुन्हा ओढून बघितलं. मग कुणाला संशय नको म्हणून किल्लीवर अर्धा डबा तिखट चुरमुऱ्यांचं भडंग ओतलं आणि डबा वरच्या फळीवर सरकवला. बायकोला सांगितलं नाही. बातमी फुटते ती घरातूनच, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

राहिले आबा. माझे वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पलटणीतले त्यांचे एक जोडीदार साताऱ्याजवळच्या एका खेड्यात राहतात. मी त्यांना काका म्हणतो. काका वर्षभरापासून कॉटवरून फारसे उठत नाहीत. गाडी आल्याचं कळल्यापासून ते फोनवर एकच विचारायचे, गाडी कधी दाखवणार? आबा माझ्याकडे बघायचे आणि मी कारणं सांगायचो. रस्ता अरुंद आहे. उसाच्या ट्रॉल्या घासतात. तिथं गाडीवर लक्ष कोण ठेवणार? महिनाभर हे चाललं. शेवटी आबांनी एका सकाळी शांतपणे विचारलं, "त्यो किती दिवस हाय आन् म्या किती दिवस हाय, ठावं हाय का तुला?"

मला माझीच लाज वाटली. येता रविवार ठरवला.

रविवारी आबा सहालाच आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट आणि टोपी घालून गाडीशेजारी खुर्ची टाकून बसले. मी फळीवर हात घातला. डबा नव्हता.

मग सगळं कबूल करणं आलं. बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आवं, तो डबा आपला कुठं होता? बुडाला शेजारच्या वहिनींचं नाव घातलंय." वहिनींनी त्यातून लाडू पाठवले होते. आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत जात नाही आणि अर्धा तर मुळीच नाही, तो रिकाम्यापेक्षा वाईट दिसतो. त्यात भडंग बघून तिला वाटलं, मी पथ्य चुकवून खातोय. तिने तो काठोकाठ भरला आणि शुक्रवारी कुंपणावरून वहिनींना दिला. शनिवारी शेजारी सहकुटुंब महाबळेश्वरला गेले, वाटेत खायला भडंग घेऊन. त्यांचा फोन लागत नव्हता. दुसरी किल्ली लॉकरमध्ये आणि बँक बंद. चोरासाठी केलेला एवढा बंदोबस्त सगळा माझ्यावरच चालला होता.

आबा उठले आणि वर्कशॉपच्या टेम्पोत जाऊन बसले. मागे लोखंडाचा चुरा भरलेली दोन पोती तशीच होती.

कराडच्या पुढे शेजाऱ्यांचा फोन आला. भडंगात काहीतरी चमकतंय म्हणून वहिनींनी चांदीच्या कागदाची पुडी उघडली होती. ते महाबळेश्वरहून साताऱ्यामार्गेच परत येत होते. दुपारी काकांच्या गावच्या फाट्यावर भेटून त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. तिला तिखट लागलं होतं आणि एक शेंगदाणा अजून चिकटलेला होता.

काका दाढी करून, पडवीतल्या कॉटवर उशीला टेकून बसले होते. आबा टेम्पोतून उतरले तरी ते त्यांच्या मागे रस्त्याकडेच बघत राहिले. "गाडी मागनं येतीया व्हय?"

आबांनी घडलेलं सगळं सांगितलं, माझी एकही चूक न गाळता. पुरावा म्हणून मी किल्ली पुढे केली. काकांनी ती उलटसुलट बघितली, बटण दाबलं आणि कान दिला.

"वाजंना."

"सांगलीत वाजत आसंल," आबा म्हणाले.

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि सून पाणी घेऊन धावत आली. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी किल्ली बंडीच्या खिशात टाकली. "गाडी घिऊन या, मंग किल्ली न्ह्या."

सोमवारी मी लॉकरमधली किल्ली काढली आणि पुढच्या रविवारी गाडी घेऊन गेलो. काका पुढे बसले, आबा मागे. गावाला दोन फेऱ्या मारल्या. दोघं पूर्ण वेळ पलटणीत कोण हळू पळायचं यावर भांडत होते. निघताना मी किल्ली मागितली. काका म्हणाले, ठेवलीय कुठंतरी, सापडत नाही, पुढच्या खेपेला बघू. पुढच्या खेपेलाही सापडली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

गेल्या महिन्यात गेलो, तेव्हा जेवण झाल्यावर मी हात धुवायला परसात गेलो होतो. गाडी नीट बंद केलेली आणि किल्ली माझ्या खिशात. परत येतो तर काका आबांच्या खांद्यावर हात टाकून गाडीपर्यंत चालत आलेले. त्यांनी हँडलला हात लावला आणि दार उघडलं. मी घराच्या कोपऱ्यावर होतो, तिथून माझ्या किल्लीने दार उघडणं शक्य नव्हतं.

दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. काकांचा हात बंडीच्या खिशावर गेला. मी मुकाट्याने परत परसात गेलो आणि पुन्हा एकदा हात धुतले.

परतीच्या वाटेवर कराड आल्यावर आबांनी विचारलं, "घावली का रं त्याला किल्ली?"

"न्हाई, आबा."

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "पुढल्या म्हैन्यात इचारू."