राखेचं पाणी चाखणारा

माझ्या नवऱ्याचं नाव जिम्पाची. तो लाकूड धुवायचा. क्योतोतल्या सराया, चहाघरं, देवळं, सगळीकडचं बिनरंगाचं लाकूड धुराने आणि हातांच्या मळाने काळवंडतं. ते उजळवून द्यायचं हा त्याचा धंदा. रंधा नाही, घासकागद नाही. राखेचं पाणी, बांबूच्या काड्यांचा कुंचा आणि विहिरीचं पाणी, बस्स. खांब आधी साध्या पाण्याने खालून वर ओला करत न्यायचा. वरून ओतलं, तर कोरड्या लाकडावर ओघळ उमटतात ते जन्मात जात नाहीत. हे मी तीस वर्षं बादल्या वाहता वाहता बघून शिकले. त्याने कधी शिकवलं नाही.

राखेचं पाणी पातळ राहिलं तर मळ हलत नाही, कडक झालं तर लाकूड भाजतं. बाकीचे धुणारे ते बोटांत चोळून बघत. हा जिभेच्या टोकावर थेंब ठेवायचा आणि त्या सगळ्यांना हसायचा. जीभ कधी चुकली नाही, हे मी कबूल करते. पण त्या जिभेचा तोरा घरी मी सोसला ना! सार जरा खारट झालं की वाडगा पालथा. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माझी आई ओत्सूहून चार दिवस राहायला आली होती. तिच्यादेखत मेल्याने सार चटईवर ओतलं आणि म्हणाला, "लेकीला काही शिकवून पाठवायचं तरी." आईने गुडघ्यांवर बसून चटई पुसली, वर माफी मागितली. दुसऱ्या दिवशी पहाटेच गेली, ती पुन्हा काही आली नाही.

लग्नाला तीस वर्षं झाली त्या हिवाळ्यात एकदा माझ्या हातून सारात मीठ दोनदा पडलं. मी एक घोट घेतला आणि थुंकले. तो मात्र वाडगा संपवून आणखी घे म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मूठभर टाकलं, तेही मुकाट प्यायला. राखेचं पाणी चाखून चाखून जीभ मेली होती, आणि त्याला पत्ता नव्हता. सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

वसंतात कायोबाईंच्या सराईचं काम आलं. दर्शनी खोलीतला सुरूच्या जातीच्या लाकडाचा खांब, तीन पिढ्यांपूर्वीचा. जिम्पाची आता म्हातारा झाला, त्याला देऊ नका, असं लोकांनी बाईंना सांगितलं होतं. बाई हट्टाने म्हणाल्या, तोच करेल. हा खांब बिघडला तर गावात पुन्हा कुणी उंबऱ्यात उभं करणार नाही, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

सकाळी त्याने राखेचं पाणी जिभेवर ठेवलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग नुसताच उभा राहिला. इकडेतिकडे बघून तो विहिरीपाशी माझ्याकडे आला.

"सुगिनो, जरा चाखून बघतेस?"

तीस वर्षांत त्याने मला पहिल्यांदा काही विचारलं होतं.

"का? तुमच्या जिभेला काय झालं?"

"सर्दी आहे गं."

मी थेंब ठेवला. जीभ चरचरली, डोळ्यांतून पाणी आलं. मी तोंड फिरवून रहाट ओढत राहिले.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

"आणखी पाणी नको घालायला?"

"नको."

त्याने विश्वास ठेवला. खांब खालून वर ओला केला, मग हलक्या हाताने कुंचा फिरवला. इतकं जपून काम करताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं. मी हाताखाली बादल्या देत होते. दुपारी खांब वाळायला लागला तसा तांबूस झाला, मग करपलेल्या भातासारखा तपकिरी. राखेच्या पाण्यावर उतारा म्हणून त्याने आंबट पाणी तीनदा मारून बघितलं. काही उपयोग झाला नाही.

कायोबाई आल्या. आरडाओरडा केला नाही, खांबावरून नुसता हात फिरवला.

"आमची मोलकरीण म्हणते, पाणी तुझ्या बायकोने चाखलं."

माझं उत्तर तयार होतं: यांची जीभ मेलीय, म्हणून बायकोला विचारावं लागतं. सगळ्यांसमोर म्हणणार होते.

जिम्पाचीने कपाळ जमिनीला टेकवलं. "हिला यातलं काय कळतंय? ही पाणी वाहते. चाखलं मी, ठरवलं मी. चूक माझी."

त्याने मला वाचवलं की जाता जाता पुन्हा पाणउतारा केला, ते मला आजही सांगता येणार नाही.

परतताना तो पुलावर थांबला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "कडक होतं, ते तुला कळलं होतं."

"हो," मी म्हणाले.

त्याने मान हलवली आणि पुढे चालायला लागला.