दोन घड्याळं आणि नाव न लिहिण्याचा नियम

विलास एकटाच वर आला.

पारशिवनीकडच्या एका तलावावर आम्ही बोट उभी केली होती. मे महिना, सकाळचे दहा, आणि डोक्यावर ऊन नुसतं ओतत होतं. आदल्या दिवशी तिथे एक तिशीतला माणूस बुडाला होता. त्याचा मोठा भाऊ रात्रभर काठावरून हलला नव्हता. आम्ही पोचल्या पोचल्या त्याने माझे हात धरले. "तुम्ही काही नका सांगू साहेब. फक्त बाहेर काढा गा त्याले."

मी बचाव पथकात पाणबुड्या होतो आणि शेवटची काही वर्षं टीम इन्चार्ज. त्या दिवशी पाण्याखाली दोघं होते, विलास आणि गजानन. मी बोटीत, हातात दोघांच्या दोऱ्या. आमची खालची भाषा दोरीची. एक ओढ म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे थांबा. तीन म्हणजे वर.

विलासने मास्क वर केला. "भाऊ, सापडला. चाळीस फुटावर जाळ्यात अटकून आहे. गजाननच्या हातात त्याचं शर्ट आलं."

"मग तू काहून आला?"

"माही हवा संपून राहिली न. पन्नासवर आली. त्याच्याजवळ एकशेवीस आहे. तो खुणेनं म्हणते तू जा, मी जाळं कापतो."

बुडालेला सापडला म्हणून मला बरं वाटलं. हे कबूल करतो, कारण पुढचं सगळं त्यानंतरचं आहे.

इथे थोडं थांबून सांगतो, नाहीतर समजणार नाही. पाठीवरच्या बाटलीत हवा कोंबलेली असते. ती किती दाबाखाली आहे ते 'बार'मध्ये मोजतात. स्कूटरच्या टायरमध्ये साधारण दोन बार असतात, भरलेल्या बाटलीत दोनशे. पन्नासवर आलं की वर निघायचं, मग खाली सोनं सापडलं तरी. हा आकडा दाखवणारं यंत्र म्हणजे प्रेशर गेज. पूर्वी आमच्याकडे काट्याचे गेज होते, रबरी नळीच्या टोकाला लोंबणारे. समुद्रात ते ठीक. आमच्या तलावांत तळाशी पोचलं की गाळ उठतो, आणि मग स्वतःचा हात दिसत नाही. काटा कुठला दिसायला? आम्ही अंदाजाने डायव्हिंग करायचो आणि देवावर हवाला.

म्हणून मी डिजिटल गेजसाठी वर्षभर साहेबांच्या मागे लागलो. साहेब म्हणजे आमचे स्टोअरचे अधिकारी. त्यांचं म्हणणं, नळीवालाच डिजिटल घ्या, स्वस्त पडतो, आकडा उजळतो, झालं. त्यांचं चुकत नव्हतं. पण मच्छीमारांच्या जाळ्यात नळी अडकताना मी दोनदा पाहिली होती. मी वायरलेसच हवा म्हणून हटून बसलो. त्यात बाटलीच्या तोंडाशी अंगठ्याएवढा एक तुकडा बसतो. तो दाब मोजतो आणि मनगटावरच्या स्क्रीनला कळवतो. स्क्रीन मास्कला चिकटवली की गाळातही आकडा वाचता येतो. पोरं त्याला घड्याळ म्हणायची.

नागपुरात हे मिळत नाही. समुद्र कुठे, आम्ही कुठे. गोव्याच्या एका डीलरकडून फोनवर मागवलं. सुरुवातीला दोनच सेट. तो माणूस सज्जन होता. म्हणाला, "सर, प्रत्येक घड्याळ एकाच तुकड्याशी जोडलेलं असतं. दोन्ही सेट दिसायला सारखे आहेत. आल्या आल्या त्यांच्यावर नावं घाला."

मी म्हणालो, "आमच्याकडे सामानावर नावं घालत नाहीत."

"मग नंबर तरी घाला."

"बघू," म्हणालो आणि फोन ठेवला. बघितलं नाही.

नावं न घालण्याचा नियम माझाच होता. त्याचा मला अभिमानही होता. गजानन पथकात नवा आला तेव्हा आमच्याकडे प्रत्येकाच्या सामानावर नाव लिहिलेलं असे. एकदा त्याचा सेट बिघडला, तर मी त्याला माझा दिला. त्याने दातांत धरून श्वास घ्यायचा माउथपीस पिण्याच्या पाण्याने तीनदा धुतला, तरी तो तोंडात जाईना. बाकीचे खाली मान घालून पायांतल्या फिन्सचे पट्टे आवळत बसले. मी काय ते समजलो. माझं आडनाव मेश्राम. आजोबांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली, त्यामुळे असं काही समजायला आमच्या घरात वेळ लागत नाही.

मी त्याला ओरडलो नाही. दुसऱ्या दिवशी रॉकेलचा बोळा घेऊन सगळ्या सामानावरची नावं पुसली. यापुढे काम झालं की सगळ्यांचं सामान एकाच टबात धुवायचं, गांधीबागेतून आणलेल्या जाड कापडावर वाळत घालायचं, आणि पुढच्या वेळी ज्याच्या हाती जे येईल ते त्याचं. ज्याला जमणार नाही त्याने बदली मागावी. गजाननने बदली मागितली नाही. वर्षभरात तो माझ्या डब्यातली भाजी न विचारता घ्यायला लागला. त्याच्यासारखा दमदार गडी मला पुन्हा मिळाला नाही. फक्त हवा फार खायचा. विलास शिडशिडीत, त्याची बाटली गजाननच्या दीडपट चालायची.

हे मला माहीत होतं. तरी विलासची हवा आधी संपली हे ऐकून माझ्या डोक्यात काही वाजलं नाही.

त्याला बोटीत घेतलं, पाणी दिलं, नवी बाटली चढवायला लागलो. गजाननच्या दोरीला एक ओढ दिली. खालून एक ओढ आली. ठीक. जुनी बाटली सोडवून तोच तुकडा नव्या बाटलीवर बसवला, नळ उघडला. आता विलासच्या मनगटावर दोनशे दिसायला हवं होतं.

चार आडव्या रेघा दिसल्या.

"काय झालं भाऊ? बॅटरी गेली काय?"

मी तुकडा काढून पुन्हा बसवला. पुन्हा रेघा. घड्याळाला त्याचा तुकडा जवळपास नसला की अशा रेघा येतात, हे मी पुस्तिकेत वाचलं होतं. पण तुकडा तर वीतभर अंतरावर होता.

मग कळलं. त्याचा तुकडा इथे नव्हताच. तो चाळीस फूट खाली गजाननच्या पाठीवर होता. आदल्या आठवड्यात टबातून निघताना घड्याळांची अदलाबदल झाली होती. निघण्यापूर्वी तपासलं तेव्हा दोन्ही बाटल्या भरलेल्या, दोन्हीकडे दोनशे, कोणाला संशय यायचं कारणच नव्हतं. खाली दोघं हाताच्या अंतरावर, म्हणून प्रत्येकाला दुसऱ्याचा आकडा दिसत राहिला. पन्नास गजाननचे होते. एकशेवीस विलासचे. आणि विलास वर निघाल्यावर गजाननच्या घड्याळातही रेघाच आल्या असणार. त्यालाही बॅटरीच वाटली असेल. शेवटचा पाहिलेला एकशेवीस त्याच्या डोक्यात होता आणि हातात जाळं होतं.

मी तीन ओढी दिल्या. वर ये.

खालून दोन आल्या. थांबा.

पुन्हा तीन. पुन्हा दोन. काठावरून तो भाऊ ओरडून विचारत होता, "भेटला काय जी?" मी तिसऱ्यांदा तीन ओढी दिल्या, आणि खालून काहीच आलं नाही.

विलास आणि मी दोघांनी मिळून दोरी खेचली. विलासला पुन्हा खाली पाठवण्याइतका वेळ नव्हता, माझ्यापुढे दोनच रस्ते होते. खाली ठेवला तर बुडेल. जोरात वर ओढला तर, श्वास रोखलेल्या माणसाच्या छातीतली हवा वर येता येता फुगते आणि फुफ्फुस फाटतं. मी ओढला. पाण्याबाहेर आला तेव्हा जिवंत होता, आणि ओठांवर गुलाबी फेस होता.

त्याच्या उजव्या मुठीत चेक्सच्या शर्टाची चिंधी होती. ती मूठ त्याने हॉस्पिटलमध्येच सोडली.

आम्ही गेल्यावर तलावावर पुन्हा कोणी उतरलं नाही. बुडालेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप वर आला. गजाननने जाळं बरंचसं कापलं होतं, बाकीचं मे महिन्याच्या उन्हाने केलं, देह फुगून वर आला. भावाने त्याला काठावर घेतलं. एक दिवस थांबलो असतो तर कदाचित कोणाला खाली जावं लागलं नसतं. हे वाक्य मी चौकशीतही बोललो. कोणी लिहून घेतलं नाही.

चौकशीत साहेबांनी मला बाजूला घेतलं. "मेश्राम, उपकरण व्यवस्थित होतं. घड्याळं बदलली, मानवी चूक. तेवढंच लिहा. तो नावांचा नियम मध्ये आणू नका."

"नियमामुळेच बदलली, साहेब."

"नियम चांगला होता हो."

"चांगला होता म्हणूनच मी तो तपासून बघितला नाही."

मी सगळं लिहिलं. मला ताकीद मिळाली. कमीच मिळाली.

गजानन वाचला. पण डाव्या फुफ्फुसाचा बराच भाग गेला, पाण्यात उतरणं कायमचं संपलं. महिन्याभराने मी त्याच्या घरी गेलो तर तो पहिल्या मजल्यावरून खाली उतरून आला, आणि खुर्ची धरून उभा राहिला. बोलायला वेळ लागला. मी म्हणालो, चूक माझी. तो नाही म्हणाला नाही. मला ते बरंच वाटलं.

निघताना म्हणाला, "भाऊ, नावं लिहा. घड्याळावर लिहा. माउथपीसवर नका लिहू."

त्यानंतर आमच्याकडे एक पद्धत सुरू झाली. पाण्यात उतरण्यापूर्वी एकाच बाटलीचा नळ उघडायचा. ज्याच्या पाठीवर ती बाटली, आकडा त्याच्याच मनगटावर उठला पाहिजे. दुसऱ्याच्या मनगटावर उठला तर कोणी उतरायचं नाही. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. यंत्र घेताना ते काय दाखवतं हे सगळे विचारतात. कोणाचं दाखवतं, हेही विचारावं.

गजाननच्या घरून परतलो त्याच संध्याकाळी मी पांढरा पेंट आणि बारीक ब्रश घेऊन बसलो. टब, माउथपीस, फिन्स तसेच राहिले, बिननावाचे. एका घड्याळावर विलासचं नाव लिहिलं. दुसरं उचललं, सवयीने 'ग' काढला, आणि तो ओला असतानाच पुसून टाकला.