मुकादम आणि दहावा माणूस

खालापूरजवळच्या आमच्या गावात ज्यूंची सात घरं उरलीत आणि त्यांचा मुकादम आहे माझा काका, शालोम वावोशीकर. कारखान्यातून रिटायर झाल्यापासून हा माणूस कडक इस्त्रीचा सदरा घालून सिनेगॉगच्या ओट्यावर बसतो आणि येईल त्याला ऐकवतो, "आपल्याला राजा नव्हता, राज्य नव्हतं, तरी दोन हजार वर्षं आपण आपला कारभार आपणच केला!" याचा स्वतःचा कारभार म्हणजे खुर्च्यांवर नंबर टाकणं.

गेल्या महिन्यात टेंपोवाल्या सॅमसनने नुसतं विचारलं, "मुकादमाची निवडणूक कधी घ्यायची, काका?" काकाने त्याला वाळीत टाकलं. पुरुष उरले नऊ. दोन हजार वर्षं पाठ असलेल्या या शहाण्याला प्रार्थनेला दहा लागतात एवढंही आठवलं नाही.

मग काकूला जाऊन वर्ष झालं. तिच्यासाठी कद्दिशची प्रार्थना म्हणायची होती. आम्ही पाच बायका समोर होतो, पण आम्हाला त्या दहांत धरत नाहीत. तेवढ्यात सॅमसन न बोलावता आला आणि टोपी घालून दारात उभा राहिला. लहानपणी तो काकूच्याच हातचं जेवायचा.

काका दारात आडवा झाला. "आधी माफीनामा लिहून दे."

"मी काकूसाठी आलोय, तुमच्यासाठी नाय," सॅमसन म्हणाला. टोपी काढून खिशात घातली आणि निघून गेला.

नऊ जणांनी पुस्तकं मिटली. कद्दिश झालीच नाही. काकाने मात्र हजेरीचं रजिस्टर उघडलं आणि सुबक अक्षरात लिहिलं: सॅमसन गैरहजर.