बेडकीचं पाणी

मी सदाशिव मिस्त्रींना पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ते आमच्या गाडीचं पाणी चाखत होते. रेडिएटरचं झाकण उघडून त्यांनी करंगळी आत बुडवली, जिभेला लावली, क्षणभर थांबले आणि बाजूला थुंकले. "व्हय, तुमच्याच हिरीचं," ते म्हणाले.

ईशान, तारा, हे तुम्ही करून बघू नका. तुमच्याकडे गाडीत जे रंगीत पाणी घालतात ते विषारी असतं. आमच्या वेळी साधं विहिरीचं पाणी घालत. ईशान परवा फोनवर म्हणाला की त्याच्या जुन्या गाडीचं पाणी कुठेतरी गळतं आणि जागा काही सापडत नाही. त्यावरून मला मिस्त्री आठवले. ते जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली.

आमची गाडी दोन माणसांची, विलायती, गर्द हिरवी आणि इतकी बुटकी की आत बसल्यावर बैलगाडीचं चाक आपल्या डोक्याच्या वर दिसे. तुमच्या आजोबांनी ती बेळगावच्या कॅम्पातल्या एका निवृत्त कर्नलकडून हौसेने घेतली होती, तेव्हाही ती जुनीच होती. निपाणीत तिला सगळे 'बेडकी' म्हणत. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात बेडकी पाणी पिऊ लागली. सकाळी भरावं, संध्याकाळी निम्मं गायब. खाली जमीन मात्र कोरडी. दोन मिस्त्री झाले. एकाने सगळे रबरी पाइप बदलले, दुसऱ्याने रेडिएटर झाळून दिला. त्यानंतर पंधरा दिवसांनी मी आणि आजोबा कोल्हापूरहून येत असताना कोगनोळीपाशी ती भर दुपारी उकळली. मी पदर डोक्यावर घेऊन रस्त्याकडेला उभी होते. एक ट्रकवाला ओरडून गेला, "आक्का, बेडकीला डबक्यात सोडा की!" आजोबांनी घरी आल्यावर जाहीर केलं की आणखी एकदा उकळली तर भंगारात देणार.

सदाशिव मिस्त्रींना बोलावलं ते अशा वेळी. ते बेळगावच्या लष्करी वर्कशॉपमध्ये बारा वर्षं काम करून आले होते आणि निपाणीबाहेर हमरस्त्यावर त्यांनी नुकतंच स्वतःचं गॅरेज टाकलं होतं. ट्रॅक्टर यायचे, एखादा ट्रक यायचा, पण गावातल्या मोठ्या घरांपैकी कुणीही त्यांच्याकडे गाडी नेली नव्हती. ते बौद्ध वस्तीतले होते. त्यांची आई आमच्या वखारीत तंबाखू निवडायला होती. आजोबा त्यांना 'सदू' म्हणत, माझ्या सासूबाई 'सद्या'. मी 'मिस्त्री' म्हणत असे, आणि त्यातच मला मी फार सुधारलेली वाटे.

पहिल्या दिवशी त्यांनी एकही पाना काढला नाही. अंगणात गाडी अर्धा तास चालू ठेवली आणि शेजारी उकिडवे बसून राहिले. आजोबा दोनदा येऊन विचारून गेले, "सदू, काही कळतंय का?"

"कळतंय की. तिला बोलू द्या जरा."

"घाई आहे रे."

"घाई आसंल तर दुसरीकडं न्या, मालक. दोन जणांनी घाईच केलीया."

मग त्यांनी माझ्याकडे हातात मावेल असा आरसा मागितला. मी माझा कुंकवाचा छोटा आरसा दिला. तो इंजिनाच्या मागे जिथे डोकं जात नाही तिथे धरून, टॉर्च मारून, ते बराच वेळ बघत होते. "बाईसाहेब, या, बगा." आरशात, इंजिनाच्या काळ्या अंगावर बोटभर लांब पांढरी रेघ होती. आमच्या न्हाणीघरातल्या बंबाला बाहेरून येते तशीच.

"थेंब खाली पडतच न्हाय," ते म्हणाले. "लोखंड तापल्यालं, जागेवरच वाळतोय. पर पानी वाळलं तरी सही करून जातंय."

खात्रीसाठी त्यांनी ती रेघ पुसली, माझ्याकडून चिमूटभर कोरडी कणीक घेऊन त्या जागेवर फुंकली आणि गाडी पुन्हा तापवली. थोड्या वेळाने पांढऱ्या पिठात मसुराएवढा एकच ओला ठिपका उमटला. इंजिनाच्या बाजूला, आत फिरणारं पाणी अडवायला, रुपयाएवढी पत्र्याची टोपणं ठोकून बसवलेली असतात. त्यातलं सर्वांत मागचं टोपण गेलं होतं. त्यांनी ते उचकटून माझ्या तळहातावर ठेवलं. उजेडाला धरलं तर चाळणी. दुसऱ्या दिवशी ते एस.टी.ने बेळगावला जाऊन ओळखीच्या लेथवाल्याकडून पितळेचं टोपण कातून घेऊन आले आणि बसवलं.

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती. पण पाणी भरायची वेळ आली आणि मिस्त्रींनी आमच्या गड्याच्या हातातली बादली बाजूला ठेवायला लावली.

"ह्या पान्यावर मी गाडी द्यायचो न्हाय," ते म्हणाले. "खारं पानी हाय. त्यानंच पत्रा खाल्ला. आजून चार टोपनं हायत, त्याच पान्यात भिजत्यात. चार म्हयन्यांनी दुसरं जाईल. आमच्या वस्तीच्या आडाचं पानी गोडं हाय. दोन डबं घिऊन येतो."

सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "गाडी माझ्या तुळशीपाशी उभी राहते. त्या आडाचं पाणी माझ्या अंगणात येणार नाही."

आजोबा माझ्याकडे बघू लागले, मग मिस्त्रींकडे. "सदू, आत्ता हेच भर. पुढचं पुढे बघू."

"मालक, उद्या ही उकळली तर पान्याला कोन नाव ठेवनार न्हाय. सद्यानं गाडी बिघडीवली म्हनतील. मग माझ्या गॅरेजात म्हस पन कोन बांधायचं न्हाय." आवाज चढलेला नव्हता. हात मात्र ते पुन्हा पुन्हा त्याच फडक्याला पुसत होते. मग एकदम माझ्याकडे वळले. "बाईसाहेब, तुमच्यात डाळीत सोडा घालत्यात न्हवं?"

"घालतो. तुम्हाला कसं माहीत?"

"सनाला आमच्या आईला हितनं आमटी मिळायची. सोड्याचा वास यायचा. आन् तिच्यासंगं आलो की ह्याच हिरीचं पानी वरनं वंजळीत वतायचे. चव इसरत न्हाय." त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "एक डाव आमच्या पान्यात डाळ घालून बगा. बिनसोड्याची."

मी लग्नाआधी शाळेत शिकवत होते. दोन भांडी, एकच डाळ, एकच वेळ, हे मला पटलं. सासूबाईंच्या चुलीपाशी ते शक्य नव्हतं, म्हणून मी अंगणाच्या दाराबाहेर दोन स्टोव्ह मांडले. मिस्त्रींनी सायकलवरून आणलेलं पाणी एका भांड्यात, विहिरीचं दुसऱ्यात. पाऊण तासाने एका भांड्यात डाळ मेणासारखी झाली होती आणि दुसऱ्यात दाणे पळीला खडखड लागत होते. सासूबाई बाहेर आल्या. दोन्ही भांड्यांतला एकेक दाणा त्यांनी बोटांत धरून दाबला. मग पदराला बोटं पुसून म्हणाल्या, "गाडीला घाला. माणसांना नको."

ती शिजलेली डाळ मी गाईला घातली. मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच घातली.

बेडकीत वस्तीचं पाणी भरलं. भर बाराला आजोबा आणि मिस्त्री कोगनोळीपर्यंत जाऊन आले, जिथे ती उकळली होती तिथे मुद्दाम थांबून आले. तापमानाचा काटा मधल्या रेघेच्या पुढे गेला नाही. आजोबा उतरले ते हसतच. मिस्त्रींनी बॉनेट उघडून आरशात पितळेचं टोपण पाहिलं, कोरडं होतं. मग आरसा पुसून मला परत दिला आणि विचारलं, "डाळ शिजली न्हवं?"

"शिजली. लगेच शिजली."

"कशी लागली?"

"छान लागली," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, हत्यारं पोत्यात गुंडाळली आणि गेले.

त्या वर्षीच डॉक्टरांची गाडी त्यांच्याकडे गेली, मग वकिलांची, मग तंबाखूवाल्यांच्या सगळ्याच. आमच्याकडे महिन्यातून एकदा दोन डबे पाणी यायचं, गाडीपुरतं. सासूबाई होत्या तोवर आमच्या डाळीत सोडा पडत राहिला. पुढे त्या गेल्या, आणि तरीही पडत राहिला. मिस्त्रींनी त्यानंतर मला डाळीबद्दल कधीच विचारलं नाही. बेडकी तपासताना ते माझ्याकडे आरसा मागत आणि पुसून परत देत, एवढंच.

आठ वर्षांनी त्यांची थोरली मुलगी बेळगावात बँकेत लागली आणि तिथेच सांबऱ्याच्या रस्त्याला मिस्त्रींनी दोन खोल्यांचं घर बांधलं. घरभरणीच्या जेवणाला आम्हाला बोलावणं आलं. आम्ही बेडकीतूनच गेलो. मिस्त्रींनी आधी बॉनेट उघडलं, इंजिन निवू दिलं, करंगळी बुडवून पाणी चाखलं, मगच आम्हाला आत नेलं. पंगतीत त्यांच्या बायकोने भातावर आमटी वाढली. तिला सोड्याचा वास नव्हता. मी भात कालवला, जेवले, आणि आमटी पुन्हा मागून घेतली.

मिस्त्री पाण्याचा तांब्या घेऊन पंगतीतून फिरत होते. माझ्यापाशी येऊन त्यांनी पेला भरला.

"बाईसाहेब, कशी लागली?"

"छान लागली."

"हां," ते म्हणाले. "ह्या खेपंला खरं सांगताय."